घशातला उजेड

"पेशंटबरोबर कोण आहे?"

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कुणी नुसतं "कोण आहे?" म्हटलं तरी माझा हात वर जातो. मी आहे. मिसेस. सही इथे करू की मागच्या पानावरही?

साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटर. सकाळची आठची वेळ मिळाली असेल तर साडेचारला उठायचं, पाचला घर सोडायचं. तपासणीच्या दिवशी यांना पाण्याशिवाय काही चालत नाही, म्हणून पहिल्या खेपेला मीही चहा घेतला नाही. माणूस शेजारी उपाशी बसलेला असताना आपण फुर्र करून चहा कसा ओढायचा? दुसऱ्या खेपेलाही नाही घेतला. तेव्हा बिलिंगच्या रांगेत मलाच गरगरलं, आणि तिथल्या सिस्टरनी पेशंटला खुर्चीवरून उठवून मला बसवलं. ह्यांनी माझ्या डोक्यावर फाइलीने वारा घातला. त्यानंतर मी चहा, दोन पोळ्या आणि लोणचं, सगळं निघायच्या आधी ओट्याशी उभ्याउभ्या उरकते. सोबतीला जाणाऱ्या बायकांना मला सांगण्यासारखं एवढंच खात्रीचं आहे की आधी खाऊन घ्या.

हे बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. जुलैमध्ये दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला गाठ हाताला लागली, सुपारीएवढी. दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणजे काही नसेल असं म्हणून आम्ही पंधरा दिवस घालवले. मानेतली गाठ म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. सुईने तपासलं तर त्यात नीट काही कळेना, मग ती गाठच काढून तपासायला दिली. रिपोर्टवर आलं, डिफ्यूज लार्ज बी-सेल, नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरने १८३२ मध्ये एका आजाराचं वर्णन केलं, त्याला त्याचं नाव मिळालं. आमचा म्हणजे तो नव्हे, तो सोडून बाकीच्यांतला. "जो नाही त्याच्या नावाने ओळखला जाणारा आजार," हे म्हणाले, "म्हणजे बिगर-बासमती तांदूळ." त्या दिवशी केलेला हा एकच विनोद. नंतर बरेच महिने काही बोललेच नाहीत.

एकवीस दिवसांच्या अंतराने सहा केमो झाल्या. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत. त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. सलाइनमधून चढणारं ते लाल औषध, दुसऱ्या दिवसापर्यंत होणारी लाल लघवी, स्टेरॉइडच्या पाच दिवसांत रात्री दोन वाजता डबे उघडून चिवडा खाणारा माणूस, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की थर्मामीटर हातात घेऊन फिरणारी मी. १००.४ च्या वर गेला की वाट पाहायची नाही, थेट हॉस्पिटल, असं सांगितलेलं. तो आकडा मी फ्रिजवर चिकटवला होता. अजून तिथेच आहे, काढायचं धाडस होत नाही.

एक मात्र सांगते. त्या केमोच्या औषधांतलं एक, व्हिन्क्रिस्टिन, हे मूळचं सदाफुलीतलं. आमच्या अंगणात तुळशीच्या कट्ट्याला लागून सदाफुली आहे, गुलाबी. हे कुठूनसं शेजारी कळलं आणि एक मावशी सदाफुलीच्या पानांचा काढा घेऊन दारात हजर. प्रेमाने आणलेला. त्या पानांतून एक ग्रॅम औषध निघायला वाळलेली पानं शेकडो किलो लागतात आणि कच्चं झाड पोटात गेलं तर ते विषच आहे, हे त्यांना कसं सांगायचं? मी काढा घेतला, आभार मानले आणि मोरीत ओतला. त्याच औषधाने यांच्या बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाचं बटण काजात जाईना. पहिल्या दिवशी मी पुढे होऊन लावायला गेले तर हात झटकला. मग मी पाठ करून उभी राहायला शिकले. पाच-पाच मिनिटं मागे कापडाची खसफस ऐकू यायची. शेवटी शर्ट घालून बाहेर यायचे, एक बटण चुकलेलं, वरची टोकं खालीवर. तसेच आम्ही जायचो.

जानेवारीत पेट स्कॅन होता, उपचार संपून सहा-सात आठवड्यांनी. उपचार लागू पडले की नाही हे त्यातच कळणार होतं. आदल्या दिवशी भात नाही, भाकरी नाही, साखर नाही, नुसतं पनीर आणि अंडी. आमच्याकडे अंडं वेगळ्या भांड्यात होतं, त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्कॅनची रीत अशी. शिरेतून एक साखर सोडतात, तिला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला असतो. जिथे पेशी अधाशी, तिथे ती साखर जास्त जाते, आणि यंत्रात ती जागा उजळते. हा फ्लोरिन सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात त्याच दिवशी तयार करावा लागतो. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळला आला तो २००२ मध्ये, म्हणजे आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. तेवढ्यात अर्धा संपतो. आम्ही जातो तिथे तो बाहेरून गाडीने येतो, त्यामुळे रिसेप्शनवर "अजून डोस यायचाय" असं सांगतात आणि वीस उपाशी माणसं दाराकडे बघत बसतात. "११० किलोमीटर, ११० मिनिटं," हे म्हणाले होते, "घरी पोचेपर्यंत निम्मा उरेल." निम्म्याचं काय होतं, मी विचारलं. म्हणाले, ऑक्सिजन. फ्लोरिनचा ऑक्सिजन होतो.

त्यांना आत नेलं की घड्याळ, अंगठी, पट्टा, किल्ल्या असा सगळा ऐवज माझ्या हातात. मी बँकेत कॅशियर होते, दुसऱ्याच्या वस्तू सांभाळायची सवय आहे. रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात, आणि दर दहा मिनिटांनी चाचपायचं.

इंजेक्शननंतर तासभर आतल्या खोलीत पडून राहायचं असतं. तिथे सोबतीच्या माणसाला मज्जाव, कारण तेवढा वेळ पेशंट स्वतःच किरण सोडत असतो. दारावर पिवळ्या-काळ्या तीन पात्यांची खूण. आत थंडी वाजू नये म्हणून ब्लँकेट देतात, कारण गारठ्याने शरीरातली चरबी साखर जाळायला लागली तर ती जागाही उजळते. हालायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, चघळायचं नाही. आणि बोलायचं नाही. बोललं तर घशाचे स्नायू साखर ओढून घेतात.

गेले पाच महिने हे तसेही बोलत नव्हतेच. मी मनात म्हटलं, हा नियम तरी यांना जड जायचा नाही.

आमची मुलगी कोथरूडला राहते, तिला तेव्हा आठ महिन्यांची लेक. स्कॅननंतर काही तास लहान मुलांना जवळ घ्यायचं नसतं, म्हणून बिल्डिंगखाली गाडी उभी केली आणि तिने तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बाळ दाखवलं. बाळ दुसरीकडेच बघत होतं, समोरच्या वायरीवरच्या कावळ्याकडे. हे काच खाली करून हात हलवत राहिले. मग आम्ही निघालो. कात्रज, खेड-शिवापूर, शिरवळ, खंबाटकीचा घाट. निम्मा ऑक्सिजन.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता माझ्या फोनवर आला. मोबाइलवर रिपोर्ट येणं ही सोय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा असा रिपोर्ट रात्री नऊला उघडून बघावा. हे झोपले होते. मी स्वयंपाकघरात लाइट न लावता उभी राहून वाचला. मानेतल्या गाठी गेल्या, छातीतली गेली, पोटात काही नाही. वाचता वाचता पाय मोकळे होत गेले. आणि मग खाली एक ओळ, स्वरयंत्राच्या भागात दोन्ही बाजूंना साखरेचं वाढलेलं ग्रहण, क्लिनिकल तपासणीशी ताडून पाहावे.

ताडून पाहावे! बँकेत तीस वर्षं मी हिशेब ताडून पाहिले, कधी कुणाची झोप उडाली नाही. त्या रात्री तीन वाजेपर्यंत मी फोनमध्ये डोकं घालून बसले. जे वाचायला नको ते सगळं वाचलं. सकाळी यांना म्हटलं, "रिपोर्ट चांगला आहे, परवा डॉक्टरांकडे जायचंय." माझ्या आवाजावरून त्यांना कळलंच असणार. विचारलं नाही.

परवाच्या दिवशी खेड-शिवापूरच्या टोलच्या रांगेत मी म्हटलं, "काही होणार नाही. सगळं ठीकच असणार."

"तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगू नकोस." मग बराच वेळ समोरच्या ट्रकच्या मागचं लिंबू-मिरचीचं चित्र बघत राहिले. "तू असं म्हणालीस की मला 'हो' म्हणावं लागतं. तेवढं म्हणायलाही अंगात जोर लागतो, अगं."

मला राग आला. पाच महिने मी त्या एका वाक्यावर दिवस काढत होते आणि ते वाक्य ओझं होतं म्हणे! पण रांग पुढे सरकली, गिअर टाकायचा होता.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. काळोखात नारिंगी रंगाचं एक माणूस उभं. मेंदू पेटलेला, कारण तो कायमच साखर खातो. मूत्राशय पेटलेलं, कारण औषध तिथून बाहेर पडतं. आणि घशात, बरोबर मधे, दोन बारीक ठिणग्या. डॉक्टरांनी त्या ठिणग्यांवर माउसचा बाण नेला आणि चष्म्यावरून यांच्याकडे पाहिलं.

"सर, इंजेक्शननंतर बोलत होतात का?"

मी म्हणणार होते, छे हो, हे कुठले बोलतायत. तेवढ्यात हे खाली बघून म्हणाले, "शेजारी एक बाई होत्या. कराडच्या. मधे नुसता पडदा होता. त्या घाबरल्या होत्या, हे अंगात किती दिवस राहतं म्हणून विचारत होत्या. मी जरा अर्धायुष्य समजावून सांगितलं."

"जरा म्हणजे किती?"

"वीसेक मिनिटं." थोडं थांबून, "आलेख हवेत काढून दाखवावा लागला."

डॉक्टर हसले. घसा आतून बघून घ्यायला सांगितला, तो त्याच दिवशी बघून झाला, काही नव्हतं. मूळ आजाराला पाचांपैकी गुण द्यायची एक पद्धत आहे, दोव्हिल नावाची. फ्रान्समधल्या दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी २००९ मध्ये डॉक्टरांची बैठक झाली, त्यावरून. त्यात जितके गुण कमी तितकं बरं. यांना दोन मिळाले. तीनपर्यंत पास. बत्तीस वर्षं मुलांना मार्क देणारा माणूस पाचांपैकी दोन मिळाले म्हणून पार्किंगमध्ये गाडीला टेकून रडला. आणि मी? मला आधी हसू आलं, रडूही आलं, आणि शिरवळ येईपर्यंत नुसता संताप. माझ्याशी पाच महिन्यांत जेवढं बोलले नाहीत तेवढं एका अनोळखी बाईशी वीस मिनिटांत बोलले. पडद्याआडून. मनाई असताना! मी बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "ते शिकवणं होतं, बोलणं नव्हतं." म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

लोकांना वाटलं, संपलं. पेढे वाटून झाले. (कंदीच, दुसरे कुठले.) "आता काय, बरे झाले ना?" यावर "हो" म्हणायचं असतं. माझी खरी भीती मात्र तेव्हा सुरू झाली. केमो चालू असताना दर एकवीस दिवसांनी काहीतरी करत तरी होतो. आता नुसतं बघायचं होतं. या आजारात पहिली दोन वर्षं जपायची, उलटला तर बहुतेक वेळा तेवढ्यात उलटतो. दर तीन महिन्यांनी तपासणी. मला वाटलं होतं दर वेळी स्कॅन करतील. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. लक्षणं नसताना उगाच स्कॅन करत राहिलं तर खऱ्या दुखण्यापेक्षा खोट्या ठिणग्याच जास्त सापडतात. "घशातली आठवते ना?" आठवत होती. तरी मला ते पटायला वेळ लागला. स्कॅन नाही म्हणजे आपल्याला उघड्यावर सोडलंय असं वाटायचं. आता रक्त तपासतात, लाल औषधाने हृदयावर काही परिणाम राहिलाय का म्हणून इको काढतात, आणि बाकी सगळं डॉक्टरांच्या बोटांवर.

ती बोटं मला पाठ झाली आहेत. आधी कानामागे, मग जबड्याखाली, मग मानेच्या दोन्ही कडांवरून खाली गळ्याच्या हाडामागे. मग काखा. मग आडवं झोपवून पोट, डावीकडे बरगड्यांखाली "श्वास घ्या." मग जांघा. सगळं मिळून दोन मिनिटं होतात. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, चेहरे त्यांना ठेवता येतात. मी बोटांकडे बघते. बोटं कुठे थांबतात का. एप्रिलमध्ये उजव्या काखेत थांबली होती, मोजून तीन सेकंद. मग पुढे गेली. नंतर कळलं, फोन वाजत होता त्यांचा खिशात.

त्याच एप्रिलमध्ये बाहेर बाकावर एक बाई शेजारी येऊन बसल्या. डोक्यावर नुकते उगवलेले, लहान बाळासारखे केस, त्यावर पदर. "तुम्ही साताऱ्याच्या सरांच्या का?" आवाजच ओळखीचा वाटला पाहिजे असं त्या बोलल्या, आणि मला लगेच कळलं. कराड.

त्यांनी पिशवीतून लाडू काढला, नाचणीचा. म्हणाल्या, "सरांनी त्या दिवशी माझा जीव भांड्यात पाडला बघा. मी म्हटलं तुम्हाला नाही का भ्या वाटत? तर म्हणाले, लई वाटतं. घरी म्हणता येत नाही. आमच्या ती आधीच वाळून काडी झालीय, तिला कुठं आणि सांगू."

हे "लई" नक्कीच म्हणाले नसणार. बाकीचं मात्र म्हणाले असतील. मी लाडू खाल्ला. चांगला झाला होता, तूप जरा जास्त. आतून यांचं नाव पुकारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" आणि मी हात वर केला.

त्या दिवशी परतताना मी काही विचारलं नाही. घाट चढताना एवढंच म्हटलं, "मला भीती वाटते हो." दीड मिनिट काही नाही. मग हे म्हणाले, "कशाची जास्त?" आणि आम्ही घाट संपून वेळे येईपर्यंत आपापल्या भीत्या सांगत बसलो, यादी केल्यासारख्या. त्यांची सर्वांत मोठी भीती मला कधी सुचलीच नसती. उलटला तर मी पुन्हा चहा सोडीन, ही.

जुलैच्या तपासणीत यांची बोटांची दोन मिनिटं उरकली आणि डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमची तपासणी कधी झालीय शेवटची?" मी फाइल बंद करत होते. "माझी कशाला?" वय विचारलं. छप्पन्न. बीपी घेतलं तर १६० च्या वर. डाव्या छातीत मला एक बारीकसं काहीतरी मार्चपासून लागत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. या घरात एका वेळी एकानेच आजारी पडायचं, असं मी आपलं ठरवून टाकलेलं. ते तिथे तोंडून निघून गेलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांना गप्प राहिल्याबद्दल टोलच्या रांगेत, घाटात, पार्किंगमध्ये बोलले होते.

मॅमोग्राफी पुढच्याच आठवड्यात. पुन्हा पाच वाजता निघालो. गाडी यांनी चालवली, वर्षभरानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं डबा मी करते, तर रात्रीच यांनी स्वतःसाठी ब्रेडला बटर लावून ठेवलेलं. "सोबतीच्या माणसाने खाऊन निघायचं असतं," म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" माझा हात वर गेला. तिने यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. मग यांनी हात वर केला, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा, कोपरापर्यंतच.

आत जाताना गळ्यातलं काढून द्यायला सांगितलं. माझं रोजचं छोटं मंगळसूत्र, मागे बारीक कडी असलेलं, आणि बांगड्या. यांनी खिशातून रुमाल काढला, दोनदा घडी उलगडली, त्यात सगळं ठेवून गाठ मारली. मी दारातून वळून पाहिलं तर रुमाल दोन्ही हातांत धरून बसले होते. आतली बाई चांगली होती. दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबतात ते दुखतं, पण श्वास रोखायचा तेवढाच वेळ. मग सोनोग्राफी झाली. पाण्याची गाठ निघाली, साधी, काही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. बीपीची गोळी मात्र चालू झाली. हे सगळं मिळून सव्वा तास. त्या सव्वा तासात यांनी काउंटरवर तीनदा चौकशी केली, असं त्या मुलीने मला हसत सांगितलं. "सर सारखे विचारत होते, आवाज का येत नाही आतून."

मी सांगितलं, पाण्याची आहे. यांनी मान हलवली आणि रुमालाची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. मीच सोडली. बांगड्या घातल्या. मंगळसूत्र मी स्वतःच घालणार होते, पण हे म्हणाले, "दे," आणि मला पाठमोरं वळवलं.

कडी बारीक आहे, मलाही चष्मा लागतो. मानेवर यांची बोटं लागत होती, टोकांना अजून गार. एकदा कडी अडकल्यासारखी वाटली आणि निसटली. पुन्हा. समोरच्या बाकावरची माणसं बघत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, अहो राहू द्या, घरी गेल्यावर घालीन. मी मान जराशी वळवली.

"थांब," हे म्हणाले. "हलू नकोस. बोलू नकोस."